प्रेम करा, पण आधी कागदपत्रं दाखवा

गोष्ट चार ओळींची आहे. इंग्लंडातली मुलांची शाळा. चार्ली स्प्रिंग ड्रम वाजवतो, निक नेल्सन रग्बी खेळतो. वर्गात त्यांना शेजारी बसवतात. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांना ‘हाय’ म्हणतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हाय’ म्हणतात आणि तिसऱ्या ‘हाय’ला प्रेक्षकाचे डोळे भरून येतात.

‘हार्टस्टॉपर’ नेटफ्लिक्सवर आली २२ एप्रिल २०२२ रोजी. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ भाग. खून नाही, अंमली पदार्थ नाहीत, कुणी कुणाला गच्चीवरून ढकलत नाही. दोन मुलांची बोटं सोफ्यावर जवळ आली की पडद्यावर हाताने काढलेल्या ठिणग्या उडतात, बस्स. एवढ्या गरीब मालिकेवर कुणी कशाला चिडेल?

भोळे आहात.

पहिली हरकत गोडव्याची. एवढं समजूतदारपणे शाळकरी पोरं बोलतात का? वास्तवाशी काही संबंध? हे विचारणारा प्रेक्षक रात्री साडेआठला घरी काय बघतो, ते मात्र त्याला विचारू नका. तिथे नायिका ठुशी घालून झोपते, सकाळी उठते तेव्हा लिपस्टिक जागच्या जागी असते आणि मेलेला नवरा नवा चेहरा घेऊन परत येतो. तिथे वास्तव सुट्टीवर असतं. दोन मुलांनी हातात हात घेतला की लगेच कामावर रुजू!

बरं, नुसता पाकच आहे असंही नाही. चार्लीचा आदल्या वर्षी शाळेत यथेच्छ छळ झालेला आहे. बेन नावाचा पोरगा त्याला चोरून भेटतो आणि चारचौघांत ओळख दाखवत नाही. पुढे चार्लीचं जेवण सुटतं, तो स्वतःला इजा करून घेतो, तिसऱ्या सीझनमध्ये तर त्याला उपचारांसाठी दाखल करावं लागतं. तेव्हा हाच प्रेक्षक काय म्हणाला? ‘हे फार जड झालं बुवा. आम्ही हलकंफुलकं म्हणून लावलं होतं.’

ठरवा ना एकदा काय ते.

शरीरसंबंधांच्या बाबतीतही तेच. पहिल्या सीझनला ओरड अशी, की ही पोरं चुंबनाच्या पुढे जातच नाहीत, निर्माते भित्रे आहेत. तिसऱ्या सीझनमध्ये पुढे गेली, तर ‘याची काय गरज होती?’ या मंडळींना दोघांत नेमकं किती अंतर हवं आहे, ते त्यांनी फूटपट्टीवर खूण करून पाठवावं. म्हणजे दिग्दर्शकाला सोपं जाईल.

मग येते बाकीच्या पात्रांची मोजदाद. टारा आणि डार्सी एकमेकांच्या प्रेमात. एल ट्रान्सजेंडर. आयझॅकला कुणाबद्दलच काही वाटत नाही. चित्रकलेचे आणि विज्ञानाचे सर एकमेकांत गुंतलेले. ‘सगळेच कसे हो त्यातले?’ प्रश्न बिनतोड वाटतो. फक्त कॉलेजच्या सिनेमांत गेली सत्तर वर्षं अख्ख्या वर्गाला मुलगी बघूनच चक्कर येते, तेव्हा ‘सगळेच कसे त्यातले’ असं कुणी विचारल्याचं स्मरणात नाही.

आणि ताओ आहे की! त्याला एल आवडते. बिचारा त्या टोळीतला अल्पसंख्याक. त्याच्या हक्कांसाठी कुणी मोर्चा काढला नाही.

आयझॅकवरची प्रतिक्रिया तर खास जपून ठेवावी अशी. दुसऱ्या सीझनमध्ये एका चांगल्या मुलाला तो आवडतो, चुंबन होतं, आणि आयझॅकच्या लक्षात येतं की आपल्याला काहीच वाटलं नाही. त्याला एका पुस्तकात स्वतःबद्दलचं उत्तर सापडतं. यावर अत्यंत पुरोगामी, झेंड्याचे सहाही रंग पाठ असलेल्या प्रेक्षकांची हळहळ काय? ‘एवढं चांगलं स्थळ होतं.’ कार्यालयात हळदीकुंकवाच्या ताटाआडून ‘आता तुझा नंबर हं’ म्हणणारी मावशी फक्त आपल्याच नातलगांत असते हा गैरसमज आहे.

पण रडणाऱ्यांचं काय? या मालिकेवर सर्वांत जास्त रडले ते शाळकरी नव्हेत. चाळिशीतले पुरुष रडले. टक्कल पडलेले, गृहकर्जाचे हप्ते भरणारे, दोन मुलांनी ‘हाय’ म्हटल्यावर हुंदके देणारे.

हसू नका. हिशेब करा.

ब्रिटनमध्ये १९८८ साली मार्गारेट थॅचरबाईंच्या सरकारने एक कलम आणलं. कलम २८. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायचा नाही. कलम प्रशासनाला, धसका शाळांना. शिक्षकांनी धोका नको म्हणून तोंडाला कुलूप लावलं. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली गेलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या ब्रिटिश माणसाची जवळपास अख्खी शाळा त्या कुलपाआड गेली. वर्गात छळ झाला तर सांगायचं कुणाला? सांगितलं तर ऐकणाऱ्यालाच नोकरीची काळजी.

आणि इथे पडद्यावर चार्ली मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत डबा खातो. शेजारी अजयी सर. त्याचं ऐकून घेतात, थोडं चिडवतात, पुन्हा ऐकून घेतात. एवढाच प्रसंग. एक खोली, रंगांचे डाग पडलेली टेबलं, आणि उत्तर द्यायला न घाबरणारा मास्तर. दुसऱ्या सीझनमध्ये पॅरिसच्या सहलीत विज्ञानाचे फारूक सर कबूल करतात की आपल्याला स्वतःबद्दल उमगायलाच विशी संपत आली, त्यामुळे शाळकरी वयातलं हे सगळं हुकलंच. टक्कलवाले रडले ते इथे. टीकाकारांनी निदान केलं: अतिभावुकता. ज्याची उधारी बुडाली त्याने रडायचंही नाही?

आता १९८८ म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार? ‘अशी ही बनवाबनवी’. तिकडे कलम २८, इकडे सचिन आणि लक्ष्या साडीत. पुण्यात जागा हवी, घरमालकीण जोडप्यांनाच ठेवून घेते, म्हणून दोन पुरुष दोन पुरुषांच्या बायका होऊन राहतात. अख्ख्या महाराष्ट्राने कुटुंबासह, पोट धरधरून, शेकडो वेळा पाहिलं. संस्कृतीला ओरखडा नाही.

खोटी जोडपी म्हणून त्यांना खोली मिळाली. खरी असती तर?

परदेशी प्रेक्षकांवर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण त्यांनी केलेला एक पराक्रम नोंदवायलाच हवा. निकची भूमिका करणारा किट कॉनर. मालिका आली तेव्हा नुकता अठरा वर्षांचा झालेला. निक हा उभयलैंगिक आकर्षण असलेला मुलगा; त्याला स्वतःला ओळखायला वेळ लागतो. रात्री दिवा मालवून तो इंटरनेटला विचारतो, ‘मी समलैंगिक आहे का?’ चार्ली त्याला म्हणतो, सावकाश. घाई नाही. प्रेक्षक म्हणतो, वा! किती छान! प्रत्येकाला आपला वेळ मिळायलाच हवा!

तोच प्रेक्षक किटच्या दारात जाऊन उभा राहिला. तू खरा कोण? आमच्या जिवावर पैसे कमावतोस आणि स्वतः सरळ आहेस? एका सहअभिनेत्रीचा हात धरलेला दिसला म्हटल्यावर तर गुन्हाच सिद्ध झाला. पोराने आधी ट्विटर सोडलं. मग ३१ ऑक्टोबर २०२२ ला परत आला, आपण उभयलैंगिक असल्याचं दोन ओळींत सांगितलं, अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडल्याबद्दल अभिनंदन केलं, मालिकेचा मुद्दा काहींना कळलाच नाही असा टोला हाणला आणि निघून गेला.

निकवर दडपण नको म्हणून आठ भाग उसासे टाकणाऱ्यांनी किटला सहा महिने दिले.

डिसेंबरात त्याला लहान मुलांच्या आणि कौटुंबिक कार्यक्रमांसाठीच्या एमीमध्ये प्रमुख भूमिकेचा पुरस्कार मिळाला. अभिनयाचा. काही चाहत्यांना तो जातपडताळणीचा वाटला असावा.

आणि ज्यांना ‘अनुभवाचा दाखला’ फार महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी खास खबर. ही गोष्ट लिहिली ॲलिस ओसमन यांनी. आधी २०१४ च्या ‘सॉलिटेअर’ कादंबरीत चार्ली-निक कोपऱ्यात आले, मग २०१६ पासून इंटरनेटवर चित्रकथा, मग पुस्तकं, मग मालिका, आणि तीन सीझनच्या पटकथाही स्वतःच. या ओसमन यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे की आपल्याला ना लैंगिक आकर्षण वाटतं, ना प्रेमात पडल्यासारखं काही. म्हणजे जगभरच्या लोकांना ज्या प्रेमाने उशी भिजवायला लावली, ते कागदावर उतरवणारी व्यक्ती स्वतः त्या वाटेला गेलेलीच नाही.

आता दाखला कुणाकडे मागायचा? तहसीलदाराकडे?

खऱ्या तहसीलदारांचंही बघू. हंगेरी. तिथे २०२१ पासून कायदा आहे की अल्पवयीनांपुढे असलं काही येता कामा नये. ‘लीरा’ नावाच्या पुस्तकांच्या दुकानसाखळीने ‘हार्टस्टॉपर’चं पुस्तक किशोरांच्या विभागात ठेवलं, तेही प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता. जुलै २०२३ मध्ये दंड, एक कोटी वीस लाख फोरिंट. दोन मुलं ‘हाय’ म्हणतात ते पुस्तक सीलबंद हवं, आणि रॉकेलच्या बाटलीसारखं वेगळं ठेवायला हवं.

दुकानदार कोर्टात गेला. पुढच्या वर्षी कोर्टाने दंड उडवला. मानवी हक्क? अभिव्यक्तिस्वातंत्र्य? छे. कायद्याच्या वाक्यात एक स्वल्पविराम राहिला होता. प्रेम वाचलं ते व्याकरणाच्या चुकीने. मराठी शाळांत स्वल्पविरामाला अर्धा गुण असतो, तो वाढवून मिळावा.

हंगेरीला हसण्याआधी गोरेगाव आठवा. २ डिसेंबर १९९८. दीपा मेहतांचा ‘फायर’ सेन्सॉरने पास केलेला, जवळपास तीन आठवडे चाललेला. तोवर संस्कृती खिशात हात घालून निवांत उभी होती. मग एके दिवशी तिला एकदम धक्का बसला आणि शिवसैनिकांनी सिनेमॅक्समध्ये घुसून काचा फोडल्या. नाराजी दोन बायकांच्या प्रेमावर जेवढी, तेवढीच त्यांच्या नावांवर. राधा आणि सीता का? दुसऱ्या धर्मातली नावं असती तर चाललं असतं, असंही सुचवून झालं.

म्हणजे प्रेमाला हरकत नव्हती म्हणायचं. रेशनकार्डाला होती.

आता काचा फोडाव्या लागत नाहीत. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे आणि कानात स्वतःचा इअरबड. हॉलमध्ये बाबा बातम्या बघतात, स्वयंपाकघरात आई मालिका ऐकते, आतल्या खोलीत पोरगा पांघरुणात ‘हार्टस्टॉपर’ बघतो. एकाच घरात, एकाच पासवर्डवर. दार वाजलं की चार्ली-निकच्या जागी क्रिकेट. आयटी कंपन्यांना एवढ्या वेगाने खिडकी बदलणारी पिढी स्वतः प्रशिक्षण देऊनही तयार करता आली नसती.

‘पण मुलांवर परिणाम होतो ना!’ होतो तर. मालिका बघून माणूस बदलत असता तर ‘सीआयडी’च्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एकाही घराला दार उरलं नसतं.

दुसरा लाडका युक्तिवाद: हे तिकडचं खूळ. आपल्याकडे नसतं. बरं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगमंचावर आलं १९८१ मध्ये. त्यातली सुमित्रा एका मुलीवर जीव लावून बसते. ओसमन यांचा जन्म १९९४ चा. तिकडचं खूळ इकडे तेरा वर्षं आधीच येऊन बसलं होतं, पाहुण्याने तार न करता यावं तसं.

त्यातून २०२५ मध्ये रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आला. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद, गावातला जुना मित्र बाळ्या, आणि भोवती ‘लग्नाचं काय ते बघा आता’ म्हणणारे नातेवाईक. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक. मराठी सिनेमाला पहिल्यांदाच. मराठी अभिमान उसळायला हवा होता. थोडा उसळलाही, पण लगेच खालच्या आवाजात चौकशी: ‘छान, पण विषय काय आहे म्हणालात?’ इंग्लंडातलं असलं की परकं, नगर-नाशकाकडचं असलं की ‘खेड्यात असं नसतं हो’. मग असतं कुठे? चंद्रावर?

कायद्याची स्थिती तर आपली आवडती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, लग्नाला मान्यता आम्ही देऊ शकत नाही, संसदेकडे जा. थोडक्यात, व्यवहार करा, पावती मिळणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला एवढं पुरेसं असतं.

सर्वांत गोंडस जमात मात्र ‘आम्हाला काही प्रॉब्लेम नाही’वाल्यांची. त्यांना मालिका मनापासून आवडते. विशेषतः पहिल्या सीझनचा शेवट. निक आईला सांगतो. आईच्या भूमिकेत ऑलिव्हिया कोलमन. ती ऐकते, जवळ घेते, सांगितल्याबद्दल आभार मानते आणि तुला हे सांगता येणार नाही असं माझ्यामुळे कधी वाटलं असेल तर माफ कर, असं म्हणते. कोलमनबाईंना या पाहुण्या भूमिकेसाठी त्याच एमीत पुरस्कार मिळाला. आमची मंडळी नाक ओढत म्हणतात, आई असावी तर अशी!

असावी ना. शेजारच्यांची.

आणि खरं सांगू? अख्ख्या मालिकेत भारतीय प्रेक्षकाला अशक्य वाटावं असं एकच दृश्य आहे, ते हेच. दोन मुलांनी एकमेकांवर प्रेम करणं आपण एक वेळ पचवू. पण आईवडिलांनी पोराची माफी मागायची? मग उद्या ते म्हणतील, मार्क कमी पडले तरी चालेल.

डोंबिवलीच्या एका ओळखीच्या काकूंनी मात्र या सगळ्या तज्ज्ञांना गार केलं. मुलगा घरी नसताना ‘पुढे काय’चं बटण चुकून दाबलं गेलं आणि मालिका सुरू झाली. बंद कशी करायची कळेना, म्हणून बघितली. सगळी. भाजी निवडता निवडता तीनही सीझन. त्यांच्या हरकती मी लिहूनच घेतल्या. पहिली: पोरं बूट घालून पलंगावर बसतात. दुसरी: एवढ्या मोठ्या मगात चहा घेतात आणि एक घोटही पीत नाहीत. तिसरी: नेली ही कुत्री चांगली आहे, पण तिचे केस कोण झाडतं ते दाखवलेलं नाही.

आणि चुंबन?

‘ते राहू दे,’ काकू म्हणाल्या. ‘त्या निकचा बाप पॅरिसला बसतो आणि पोराला धड वेळ देत नाही, जेवायला बोलावलं तरी मध्येच उठून जातो, त्याला कुणी काही का बोलत नाही? मोठा भाऊ तर मेला नुसता टोमणे मारतो. आणि तो चार्ली जेवत नव्हता तेव्हा त्याच्या आईला आधी कसं समजलं नाही? ताट परत येतं तेव्हाच कळतं.’

त्यांना म्हटलं, चौथा सीझन नाही, शेवट आता चित्रपटातूनच दाखवणार आहेत.

‘मग त्यात लग्न असेल,’ काकूंनी निकाल दिला. ‘नाहीतर दोन तास करणार काय? पण आधी त्या बापाला मानपानातून वगळा म्हणावं.’